दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये

रक्त पातळ होण्याची गोळी म्हटली की पुस्तकात सत्तरीचा म्हातारा भेटतो. त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित झालेले असतात, मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून त्याला गोळी सुरू होते, आणि मग परीक्षेत प्रश्न येतो की याला अमुक अँटिबायोटिक दिलं तर काय होईल. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात आम्ही या म्हाताऱ्याची उत्तरं पाठ केली. पुढे घाटीच्या रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरला उभी राहिले, तर तो म्हातारा क्वचितच आला. आल्या त्या तिशी-चाळिशीतल्या बायका. अंबड, गेवराई, सिल्लोड, परतूरकडच्या. कुणी कापूस वेचणाऱ्या, कुणी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन साखर कारखान्याला जाणाऱ्या. ब्लाउजच्या गळ्यातून छातीवरच्या उभ्या व्रणाचं टोक दिसतं. जवळ बसलं की काहींच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते. ती धातूच्या झडपेची.

घाटी म्हणजे आमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, 1956 सालचं. शहराच्या पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आलं, रिक्षावाल्याच्या तोंडी घाटी तशीच राहिली. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय बुलढाण्याकडून माणसं इथं येतात, आणि ज्यांचं ऑपरेशन मुंबई-पुण्याला झालेलं असतं तीही महिन्याच्या गोळ्यांसाठी आमच्याच रस्त्याला लागतात.

या बायकांचं दुखणं सुरू होतं ते शाळेच्या वयात दुखलेल्या घशापासून. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू घशात येतो. ताप चार दिवसांत उतरतो, कुणी डॉक्टरकडे नेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, आज हा सांधा तर उद्या तो. तेही ओसरतं. पण त्या जिवाणूशी लढताना शरीरानं तयार केलेली शस्त्रं स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर चाललेली असतात. मग विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, बहुतेकदा पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणात, दम लागायला लागतो आणि कुणीतरी सांगतं की झडप आकसली आहे. घशाच्या त्या दुखण्यात वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर यातलं बरंचसं टळलं असतं. म्हणजे या आजाराच्या मुळाशीच न मिळालेलं एक अँटिबायोटिक आहे, हे मला काउंटरवरचं काम करता करता फार उशिरा उमगलं. तोवर मी त्यांच्या बाबतीत अँटिबायोटिककडे केवळ धोका म्हणून बघत होते.

झडप बदलायची तर बहुतेकदा धातूची. आपल्याकडे त्यात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली चित्रा झडप मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. परदेशी झडपेपेक्षा स्वस्त, म्हणून गरिबाला परवडली. पुढे 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, तिचीच आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली आहे. त्यातून ऑपरेशनचा खर्च सुटला. पण धातूच्या झडपेवर रक्त गोठतं, म्हणून गोळी जन्मभराची आणि रक्ताची तपासणीही जन्मभराची. ती योजना कुणाच्या डब्यात रोज गोळी टाकायला येत नाही.

आपल्याकडे ही गोळी बहुतेकांना अ‍ॅसिट्रॉम म्हणून माहीत असते. औषधाचं नाव असेनोकुमारॉल. वॉरफरिन तिची मोठी बहीण. दोघी एकच काम करतात. यकृतात रक्त गोठवणारी जी प्रथिनं बनतात, त्यांतल्या चारांना पक्कं व्हायला के जीवनसत्त्व लागतं. ही गोळी ते जीवनसत्त्व पुन्हा वापरात येऊ देत नाही. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, गोठायला वेळ लागतो. किती वेळ, ते पीटी-आयएनआर या तपासणीत कळतं. गोळी न घेणाऱ्याचा आकडा 1 च्या आसपास असतो. ठोके अनियमित असलेल्या म्हाताऱ्याचा 2 ते 3 मध्ये ठेवतात, हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण 2.5 ते 3.5. खाली गेला तर झडपेवर गुठळी बसते, झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते. वर गेला तर रक्त थांबत नाही. या दोन आकड्यांमधली पट्टी इतकी अरुंद आहे, की पावसाळ्यातली मेथी आणि हिवाळ्यातली करडईची भाजी एकदम ताटात वाढली किंवा एकदम बंद झाली तरी आकडा हलतो.

आता या शहराचा नळ. जायकवाडी भरलेलं असो की नसो, आमच्याकडे कित्येक वस्त्यांत पाच-सात दिवसांनी पाणी येतं. टाक्या, पिंपं, हंडे भरून ठेवायचे आणि आठवडाभर पुरवायचे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसानंतर काउंटरला जुलाबाच्या गोळ्यांची रांग लागते. नॉरफ्लॉक्स टीझेड, ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, मेट्रोजिल. पुष्कळांकडे चिठ्ठी नसते, मागच्या वेळची रिकामी पट्टी दाखवतात आणि हीच द्या म्हणतात. रांगेतला एखादा झडपवाला असला, तर त्याच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. जुलाबामुळे खाणं बंद, म्हणजे के जीवनसत्त्व पोटात जाणं कमी. अँटिबायोटिक आतड्यातले जिवाणू मारतं, त्यातले काही आपल्यासाठी के जीवनसत्त्व बनवत असतात. आणि मेट्रोनिडाझोलसारखं औषध यकृतातलं ते एन्झाइम अडवतं, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निचरा करतं. गोळी तेवढीच, पण अंगात साठत जाते. तीन-चार दिवसांत आकडा दुप्पट झालेला मी पाहिला आहे.

हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते असं, की माणूस विचारलं तरी सांगत नाही.

एक मावशी दाताची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. गाल सुजलेला, पदर तोंडावर धरलेला. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड, मेट्रोनिडाझोल आणि दुखण्यावर डायक्लोफेनॅक. दाताच्या पूवर डॉक्टर नेहमी देतात तशीच चिठ्ठी, तिच्यात चूक काहीच नाही. मी विचारलं, “मावशी, दुसऱ्या काही गोळ्या चालू हायेत का?”

“न्हाई माय, काहीच न्हाई.”

त्यांनी पैसे काढायला पिशवी उघडली तेव्हा आत फाइल दिसली. प्लॅस्टिकच्या कव्हरात, वर एका हृदयरोग विभागाचा शिक्का. मग मी विचारलं, “छातीचं ऑपरेशन झालंय का तुमचं?”

“झालंय की. मुंबईला.”

“मग त्याची गोळी?”

“ती तर रोजचीच हाय.”

“दातवाल्या डॉक्टरला सांगितलं का?”

“त्यांनी दाताचंच पुसलं.”

रोजची गोळी ही यांच्या हिशेबात औषधच नसते. औषध म्हणजे जे दुखलं म्हणून घेतलं आणि बरं वाटल्यावर सोडलं. सकाळ-संध्याकाळच्या भाकरीसोबत जे वर्षानुवर्षं पोटात जातं, ते कोण कशाला मोजेल? शहागंजकडच्या एक आपा मला म्हणाल्या होत्या, “वो तो हमेशा की है, उसका क्या बोलना.” त्यानंतर मी प्रश्न बदलला. “कोणत्या गोळ्या चालू आहेत” हे विचारणं सोडलं. आता विचारते, “छातीचं किंवा पायाच्या शिरेचं काही झालंय का? दर महिन्याला रक्त तपासायला जाता का? गोळी अर्धी करून घेता का?” शेवटच्या प्रश्नाला हमखास मान हलते, कारण या गोळीचा डोस सोमवारी दोन, मंगळवारी दीड असा वारावर चालतो आणि घरातल्या लेकराला ती कापायचं काम असतं.

त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. डायक्लोफेनॅक काढून पॅरासिटामॉल दिलं, कारण दुखण्याच्या त्या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि झडपवाल्याच्या पोटात रक्त सुटलं तर ते थांबत नाही. मेट्रोनिडाझोल डॉक्टरांनी विचार करून काढलं, त्या दाताला एका औषधानं भागेल म्हणाले. चौथ्या दिवशी पीटी करायला सांगितली. मावशी केली म्हणाल्या, आकडा थोडा वर गेला होता, त्यांच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी कमी केली. एवढंच. यात वाचवलं-बिचवलं असं काही नव्हतं. एका फोनचं काम होतं. पण सगळे फोन असे जात नाहीत. काही डॉक्टर आभार मानतात, काही म्हणतात तुम्ही गोळ्या विका, उपचार आम्ही करतो. मी आता त्यावर वाद घालत नाही. पेशंटच्या चिठ्ठीच्या मागे आडव्या अक्षरांत लिहून देते: रक्त पातळ करणारी गोळी चालू, अँटिबायोटिकनंतर आयएनआर करावा.

दोन चिठ्ठ्या लिहिणारे दोन डॉक्टर सहसा एकमेकांना ओळखतही नाहीत. एक मुंबईला, दुसरा तालुक्याला. त्या दोन कागदांची गाठ ज्या एका लाकडी फळीवर पडते ती आमची. आणि बऱ्याचदा तिथंही पडत नाही, कारण महिन्याच्या गोळ्या एका दुकानातून आणि जुलाबाची गोळी घराजवळच्या दुकानातून घेतली जाते. मोठ्या दवाखान्यात संगणक आहेत, ते दोन औषधं एकत्र लिहिली की लाल खूण दाखवतात. पण त्या संगणकाला कन्नडच्या बाजारपेठेतल्या दवाखान्याचा कागद दिसत नाही.

कोणती औषधं सगळ्यात त्रासदायक, हे लोक विचारतात. मेट्रोनिडाझोल आणि सेप्ट्रान, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, ही दोन मी सगळ्यात वर ठेवते. मग सिप्रोफ्लॉक्सासिन-लेवोफ्लॉक्सासिनचा गट, क्लॅरिथ्रोमायसिन-एरिथ्रोमायसिन. आणि एक जे अँटिबायोटिक म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही: फ्लुकोनाझोल. नायट्यावर, गजकर्णावर, बायकांच्या पांढऱ्या पाण्यावर ते सर्रास विकलं जातं. गेल्या काही वर्षांत नायटा इतका हट्टी झाला आहे, की घरच्या घरी एकाची पट्टी दुसरा खातो. 2012 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉरफरिन घेणाऱ्या, 65 वर्षांवरच्या 38 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. रक्तस्रावानं दवाखान्यात दाखल होण्याची शक्यता फ्लुकोनाझोलच्या गटातल्या बुरशीनाशकांनी साधारण साडेचार पटींनी वाढलेली दिसली, कोट्रायमॉक्साझोलनं पावणेतीन पटींच्या आसपास. सौम्य समजलं जाणारं पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनही मागे नव्हतं, दुपटीच्या मागेपुढे. मला त्या अभ्यासातून उमजलं ते असं, की निर्धोक अँटिबायोटिकची यादी भिंतीवर लावून चालणार नाही. तापात माणूस जेवत नाही, आणि उपाशी राहण्यानं, तापानंही आकडा वर जातो. औषध कोणतंही असो, रक्त तपासायचं.

सरकारनं 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू केलं. त्यातली औषधं विकताना पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चांगला नियम आहे. पण त्या यादीत सेफिक्सिम आहे, लेवोफ्लॉक्सासिन आहे, क्षयाची औषधं आहेत. मेट्रोनिडाझोल नाही, कोट्रायमॉक्साझोल नाही, फ्लुकोनाझोल नाही. ती यादी जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ नयेत यासाठी आहे, झडपवाल्यांसाठी नाही, हे मान्य. साध्या शेड्यूल एचप्रमाणेही चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायची नसतातच. तरी सगळ्यात जास्त रक्त सोडणारी औषधंच सगळ्यात सैल हातानं विकली जातात, हे आमच्या धंद्याबद्दलचं माझं मत आहे आणि धंद्यातले लोक ते ऐकून खूश होत नाहीत.

गावाकडची सुई हा आणखी एक विषय. ताप आला की कमरेत सुई टोचल्याशिवाय डॉक्टरनं काही केलं असं वाटत नाही. आयएनआर 4 झालेल्या माणसाच्या कुल्ल्यात डायक्लोफेनॅकची सुई दिली, की स्नायूत रक्त साचतं आणि मांडीपर्यंत जांभळं होतं. माणूस लंगडत येतो आणि म्हणतो सुई पिकली. पिकलेली नसते. गंमत म्हणजे याच लोकांना लहानपणचा तो सांधे सुजवणारा ताप, म्हणजे संधिवाताचा ताप, पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई घ्यायची असते, तीही कमरेतच, आणि ती टाळून चालत नाही. म्हणून आधी आकडा बघायचा, मग बारीक सुईनं द्यायची, नंतर चोळायचं नाही, नुसतं बराच वेळ दाबून धरायचं. हे मी घाटीतल्या एका अनुभवी सिस्टरकडून शिकले, कॉलेजात नाही.

सगळ्यात जास्त गुंता मात्र मी क्षयरोगात पाहिला. तिथं गणित उलटं चालतं. रिफाम्पिसिन यकृताला जास्त कामाला लावतं, रक्त पातळ करणारी गोळी भराभर निकालात निघते आणि आकडा खाली घसरतो. एक तरुण, वाळूजच्या कंपनीत हेल्परला होता. झडप बदललेली, आणि वर क्षय निघाला. सरकारी औषधं सुरू झाली. पंधरवड्यात त्याचा आयएनआर 1.3 वर आला. अ‍ॅसिट्रॉमचा डोस वाढवत वाढवत पूर्वीच्या तिप्पट करावा लागला, दर आठवड्याला पीटी, दर आठवड्याला अर्धी रोजंदारी बुडालेली. त्यातच रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते. त्याला हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की लघवी लाल दिसली तर गोळी जास्त झाली समज, पळत ये. त्यानं नारिंगी लघवी पाहिली आणि स्वतःच्या मनानं रक्त पातळ करणारी गोळी बंद केली. आकडा खाली असताना ती बंद! त्याच्या बहिणीनं बोलता बोलता काउंटरवर सांगितलं म्हणून कळलं. त्याला बोलावलं, तिथूनच डॉक्टरांकडे धाडलं. दोन औषधं देणाऱ्या दोन माणसांनी आपापल्या जागी अगदी योग्य सूचना दिल्या होत्या. त्या सूचना एका माणसाच्या लघवीत येऊन भिडल्या.

खरी भीती पुढे होती. सहा महिन्यांचा कोर्स संपला त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. सगळे खूश. पण रिफाम्पिसिन थांबलं की यकृत दोन-तीन आठवड्यांत मूळ चालीवर येतं, आणि तिप्पट केलेली गोळी मात्र तिप्पटच चालू राहते. क्षयाचा विभाग म्हणतो, बरा झालास. हृदयाच्या विभागाची तारीख दीड महिन्यानंतरची. मी पेढा खाल्ला आणि त्याला त्याच आठवड्यात पीटी करायला लावली, मग पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. डोस डॉक्टरांनी पायरी-पायरीनं खाली आणला. औषध सुरू होताना सगळे सावध असतात, ते संपतं तेव्हा कुणी नसतं. मराठवाड्यात क्षय आणि झडपेचा आजार एकाच घरात, कधी एकाच अंगात भेटतात, त्यामुळे हे फार दुर्मीळ आहे असं समजू नये.

आता दुसऱ्या बाजूचं. धोक्याच्या गोष्टी सांगून सांगून लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस अँटिबायोटिकच टाकून देतो. भोकरदनकडच्या एका बाईंना कुणीतरी पक्कं सांगितलं होतं की पातळ गोळीवर अँटिबायोटिक विष होतं. त्यांना ताप येत होता, संध्याकाळी थंडी वाजून. दिलेली औषधं त्यांनी कपाटात ठेवली आणि काढा घेत राहिल्या. धातूच्या झडपेला जंतू लागले होते. मग आठवड्यांमागून आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, दवाखान्यातला मुक्काम, घरची म्हैस विकली गेली. त्या वाचल्या. म्हणून मी आता कुणालाही “चालत नाही” असं म्हणत नाही. झडपवाल्याला अँटिबायोटिक इतरांपेक्षा जास्त गरजेचं असतं. दात काढायच्या तासभर आधी त्याला अमॉक्सिसिलिनचे 2 ग्रॅम एकदम देतात ते त्याचसाठी, तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू नयेत म्हणून. त्या एका डोसानं आकडा सहसा हलत नाही. आणि दात काढायचा म्हणून अ‍ॅसिट्रॉम आठवडाभर बंद ठेवायची जुनी पद्धतही मागे पडत चालली आहे. आयएनआर 4 च्या आत असेल तर साधा दात गोळी चालू ठेवून, टाके घालून, बोळा दाबून काढता येतो. बंद करण्याचा निर्णय घ्यायचाच तर तो हृदयाच्या डॉक्टरांनी घ्यायचा. शेजारणीनं नाही, आणि मीही नाही.

मोबाईलनं आणखी एक भर घातली. कॉलेजात जाणारा नातू आजीच्या गोळीचं नाव टाकतो आणि वाचतो की हे तर उंदराचं औषध. खोटं नाही. अमेरिका-कॅनडात 1920 च्या दशकात सडलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्त वाहून मरत होती. विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातला दोषी पदार्थ वेगळा केला, त्यातून पुढे वॉरफरिन आलं. 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, 1954 मध्ये माणसांसाठी, आणि 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही देण्यात आलं. मी हे सगळं नातवाला सांगते आणि शेवटी म्हणते, राष्ट्राध्यक्षाला चाललं ते तुझ्या आजीला चालेल, फक्त पीटी चुकवू नकोस. पोरं हसतात आणि गोळी चालू राहते.

“टेस्ट न लागणारी नवी गोळी द्या की” ही मागणीही वाढली आहे. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अ‍ॅपिक्साबान. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना, पुस्तकातल्या त्या म्हाताऱ्याला ती खरंच सोयीची आहेत. त्यांवरही क्लॅरिथ्रोमायसिन आणि रिफाम्पिसिनचा परिणाम होतोच. पण धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. डॅबिगाट्रानचा तसा प्रयोग त्रास वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या लोकांवरचा इनव्हिक्टस हा मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले. म्हणजे माझ्या काउंटरवरच्या बायकांची जुन्या गोळीपासून आणि महिन्याच्या रक्ततपासणीपासून सुटका इतक्यात नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट पुरुष केमिस्टला कळत नाही असा माझा अनुभव आहे. पाळीत जास्त जाणं हे आकडा वाढल्याचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि ते त्या काउंटरवर उभ्या असलेल्या दादाला सांगत नाहीत. मी असले की थांबतात, गर्दी कमी होईपर्यंत उभ्या राहतात, मग सांगतात. अँटिबायोटिक चालू असताना पॅड नेहमीपेक्षा दुप्पट लागायला लागले, हिरड्यांतून रक्त आलं, न आपटता काळेनिळे डाग उठले, शौच डांबरासारखी झाली, की आधी पीटी, मग बाकीचं. डोकं अचानक भयंकर दुखलं तर पीटीलाही थांबायचं नाही, सरळ घाटी गाठायची. आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरला सांगायचं, कारण ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला इजा करू शकते. लग्न ठरताना झडपेचं ऑपरेशन लपवलेलं असतं अशी उदाहरणं आहेत, त्यामुळे गोळीही लपून चालते आणि कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर येत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर एक काम करा. जाड कागदाच्या तुकड्यावर गोळीचं नाव, वारांप्रमाणे डोस, शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख, ऑपरेशन कशाचं झालं ते, आणि हृदयाच्या डॉक्टरांचा फोन लिहा. तो कागद मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा, कपाटातल्या फाइलमध्ये नको. दाताचा, कातडीचा, डोळ्याचा, गावातला, कुठलाही डॉक्टर काही लिहायच्या आत त्याच्या हातात द्या, आणि मेडिकलवाल्याच्याही द्या. अँटिबायोटिक सुरू झालं की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पीटी करा, ते संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा करा, आणि मधल्या काळात दोन्हींतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका.